पक्षी ग्रिडवर आहे, तरी फोटो कलंडलेला वाटतो: नांदूर-अंजनेरीच्या फोटोंमधला बॅलन्सचा बिघाड कसा शोधायचा

थंडी पडली की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याचे फोटो यायला लागतात आणि त्यासोबत तोच प्रश्न येतो, "दादा, फोकस बरोबर आहे, एक्स्पोजर बरोबर आहे, पक्षी ग्रिडच्या रेघेवर ठेवलाय, तरी फोटो बसत का नाही?" बसत नाही म्हणजे नेमकं काय ते कुणाला धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं एका बाजूला कलंडल्यासारखा वाटतो, कुणी म्हणतं डावीकडे उगाच रिकामं वाटतंय, आणि कुणी म्हणतं सगळं जागच्या जागी आहे पण फोटोत जीव नाही. हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत आणि तिन्हींवर "अजून थोडं क्रॉप कर" हा एकच सल्ला मिळतो म्हणून ते पुढच्या रविवारी परत जसेच्या तसे हजर असतात.

माझं म्हणणं असं की हा बिघाड बहुतेक वेळा पक्ष्यात सापडतच नाही, तो उरलेल्या फ्रेममध्ये असतो. आपण सगळं लक्ष पक्षी कुठे ठेवायचा यावर घालवतो, आणि फ्रेममध्ये अजून काय काय डोळ्याला ओढतंय ते बघतच नाही. म्हणून पुढचं सगळं त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

ग्रिडला, म्हणजे स्क्रीनवर फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणाऱ्या रेघांना, माझा विरोध नाही. पण त्यामागचा नियम, रूल ऑफ थर्ड्स, हे नाव ज्याच्या लिखाणात पहिल्यांदा येतं तो जॉन थॉमस स्मिथ, इंग्लंडमधला चित्रकार, त्याने ते लिहिलं १७९७ मध्ये, म्हणजे फोटो नावाची गोष्ट जन्मायच्या आधी, आणि तो बोलत होता निसर्गचित्रातल्या मोठमोठ्या भागांबद्दल, आकाश किती, जमीन किती, उजेड किती, सावली किती, दोन्ही निम्मं-निम्मं करू नका, एकाला दोन वाटे द्या, एकाला एक. रेघा छेदतात त्या टिंबावर सब्जेक्ट बसवायचा ही सवय नंतरची. आपण टिंब लक्षात ठेवलं आणि वाटे विसरलो, आणि नांदूरच्या फोटोत गडबड होते ती वाट्यांचीच.

आधी बघा, फोटो खरंच तिरका आहे का

हे पहिल्यांदा तपासा कारण हे सगळ्यात स्वस्तात सुटतं, आणि इथेच लोक उलटा उपाय करून बसतात. नांदूरचा बंधारा गोदावरी आणि कादवेच्या संगमावर आहे, त्याच्या वरच्या अंगाला गाळ साचून साचून पाणी उथळ झालंय, मधे मातीच्या पट्ट्या, छोटी बेटं, पाणकणीस, म्हणजे पलीकडचा काठ सरळ नाहीच, तो आत-बाहेर वळत जातो. काठाचा जो भाग आपल्या जवळ असतो तो फोटोत खाली दिसतो आणि लांब गेलेला भाग वर दिसतो, त्यामुळे कॅमेरा अगदी लेव्हलमध्ये असला तरी काठाची रेघ तिरकी येणारच. मग घरी येऊन आपण ती रेघ सरळ करतो, फोटो दोन अंश फिरवतो, आणि आता काठ सरळ पण पाणी उतारावर आणि पक्षी वाकडा. बघणाऱ्याला कारण कळत नाही पण खटकतं नक्की.

यावर भरवशाची खूण म्हणजे प्रतिबिंब. शांत पाण्यात पक्ष्याचा डोळा आणि त्याच्या प्रतिबिंबातला डोळा एकाच उभ्या रेघेत यायला हवेत, चोचीचं टोक आणि प्रतिबिंबातलं टोकही तसंच, ही रेघ काठ कसाही वळला तरी बदलत नाही. पाण्यात रोवलेली काठी चालेल पण ती मुळात वाकडी असू शकते, तरी तिचं टोक आणि प्रतिबिंबातलं टोक जोडलं की परत उभी रेघच मिळते. मोठ्या लेन्सला हे अगदी चोख लागू पडतं, वाइड लेन्स वर-खाली झुकवली असेल तर कडांना थोडा फरक पडतो, तेव्हा फ्रेमच्या मधली जोडी घ्या. फिरवायचा फोटो या रेघेवर फिरवा, काठावर कधीच नको. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पण हेच करा, तिथे पलीकडचे डोंगर असे उतरत येतात की होरायझन, म्हणजे क्षितिजाची रेघ, कुठला ते कळतच नाही.

त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पठारावर पाणी हाताशी नसतं, गवत वाऱ्याने एकाच बाजूला झोपलेलं, जमीन उताराची, तिथे डोळ्यावर विसंबू नका, कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा, मोबाइलमध्येही असते ती.

तिरकं नाही, तरी कलंडतंय

मग वजनाचा प्रश्न आहे. बागेतला सी-सॉ आठवा, जाड मुलगा मधल्या दांड्याजवळ बसला आणि बारकं पोर अगदी टोकाला बसलं की फळी सरळ राहते. फ्रेममध्ये हेच होतं, मधोमध असलेली मोठी वस्तू फार ओढत नाही पण कडेला असलेली टिकलीएवढी गोष्ट फोटो कलंडवू शकते. आणि वजन म्हणजे फक्त आकार समजू नका. गडद पाण्यात पांढरा बगळा भारी, तोच बगळा ढगाळ सकाळच्या दुधट पाण्यावर हलका. शार्प काडी भारी, ब्लर झालेली अख्खी झुडपाची रांग हलकी. लाल, पिवळा, केशरी रंग हिरव्या-करड्यात असला की भारी. डोळा आणि चेहरा तर सगळ्यांत भारी, माणसाचा असो की पाणकोंबडीचा. आणि माणसाने केलेली कुठलीही गोष्ट, विजेचा खांब, तरंगणारी बाटली, पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाईची निळी साडी, तिकडे नजर आधी जाते, मग पक्ष्याकडे.

आता नेहमीचा फोटो घ्या. उजव्या एक-तृतीयांशावर शेकाट्या पक्षी, लांब गुलाबी पाय, सुंदर उजेड. डाव्या कडेला एका बगळ्याचा अर्धा कापलेला पांढरा पार्श्वभाग. काढणाऱ्याला तो दिसलेलाच नसतो कारण त्याची नजर शेकाट्याच्या डोळ्यावर खिळलेली, पण बघणाऱ्याची नजर आधी त्या पांढऱ्या तुकड्यावर जाते, तिथून फ्रेमच्या बाहेर जाते, आणि शेकाट्याकडे परत यायला तिला कष्ट पडतात. हा फोटो "कलंडलेला" वाटणार. शेकाट्याला कुठेही सरकवा, फरक पडणार नाही, तो बगळा जायला हवा नाहीतर पूर्ण आत यायला हवा. पूर्ण आत आला तर कधीकधी तोच बगळा छान तोल धरतो, शेकाट्या मोठा आणि आतल्या बाजूला, बगळा लहान, ब्लर आणि लांब, झाला बॅलन्स.

हे शोधायला तीन सोप्या गोष्टी करा. एक, फोटो थंबनेलएवढा लहान करून बघा, त्या आकारात पिसं-बिसं काही दिसत नाहीत, फक्त काळे-पांढरे डाग दिसतात, आणि बिघाड करणारा डाग लगेच कळतो. दुसरं, रंग काढून ब्लॅक अँड व्हाइट करा आणि परत रंगीत करा, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तोल बरोबर आणि रंगात बिघडत असेल तर रंगाचा डाग शोधा, पाण्यावरचं पिवळं पान सुद्धा असू शकतं. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतं, फोटो उलटा करा, डोकं खाली. उलट्या फोटोत मेंदू पक्षी वाचत बसत नाही, त्याला निव्वळ आकार दिसतात, आणि भार कुठल्या बाजूला जास्त आहे ते डोळ्यांना लगेच जाणवतं. जागेवरच करायचं असेल तर डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघा, तेवढंही पुरतं.

"रिकामं वाटतंय" म्हणजे काय

रिकामी जागा वाईट नसते. पक्षी ज्या दिशेने बघतोय तिकडची रिकामी जागा रिकामी राहतच नाही, त्याची नजर ती भरून काढते. राखी बगळा डावीकडे पाण्यात टक लावून उभा आहे आणि तुम्ही त्याला उजव्या बाजूला ठेवलंय, तर डावीकडचं सगळं सपाट पाणी त्याच्या वजनाला तोलून धरतं. तोच बगळा डाव्या कडेला ठेवला, चोच कडेला टेकायला आली, आणि पाठीमागे सगळं पाणी मोकळं, की ते पाणी उगाच वाटायला लागतं. तर "रिकामं वाटतंय" अशी तक्रार आली की पहिल्यांदा नजर कुठे आहे ते बघा, पक्ष्याचं अंग कुठे वळलंय ते नंतर, कारण अंग उजवीकडे आणि मान वळवून डावीकडे बघणारा पक्षी असेल तर डोळाच जिंकतो.

याला अपवाद आहे आणि तो मला आवडतो. पक्षी फ्रेमबाहेर बघतोय, पुढे जागाच नाही, मागे ढीगभर मोकळं पाणी, अशा फोटोत एक अस्वस्थपणा येतो, बाहेर काय आहे असं वाटत राहतं. वर मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असताना बदकं जशी माना वर करून एकाच बाजूला बघतात, तिथे हा अस्वस्थपणा खरा आहे, ठेवा तो. पण निवांत पिसं साफ करत बसलेल्या चक्रवाकाला असं कडेला दाबू नका, तिथे त्याला काही अर्थ नाही.

पावसाळ्यात अंजनेरी, आणि ते पांढरं आकाश

श्रावणात अंजनेरी-ब्रह्मगिरीकडचे फोटो बघितले की ऐंशी टक्के तक्रारीचं मूळ वरती असतं, आकाशात. हिरवागार डोंगर, धबधबा, सोनकी फुललेली, आणि वर नुसता पांढरा पट्टा. तो पट्टा फ्रेममधली सगळ्यात उजळ जागा असतो म्हणून सगळ्यात भारी असतो, नजर वर जाते आणि बाहेर पडते, खाली काय फुललंय ते राहूनच जातं. एडिटिंगमध्ये त्याला करडा करून काही होत नाही, करडा पट्टा होतो फक्त, कारण त्यात डिटेल मुळातच नव्हते.

उपाय जागेवरच. आकाश पूर्ण काढून टाका, डोंगराचा उतारच वरपर्यंत भरू द्या, बहुतेक वेळा हेच बरोबर असतं. नाहीतर थांबा, ढग उतरून कड्याला चिकटतात आणि आकाश आणि डोंगर यांच्यातली ती कापल्यासारखी रेघ पुसली जाते, मग पांढरं वजन एका पट्ट्यात न राहता कड्यावर विखुरतं. धबधब्याचं पांढरं पाणी आणि पांढरं आकाश दोन्ही एकाच फ्रेममध्ये असतील तर दोघांत भांडण ठरलेलंच, दुगारवाडीला सुद्धा आणि सोमेश्वरला सुद्धा, तिथे एकालाच ठेवा, आणि ठेवायचं ते पाणी. पाणी खाली पडून कुठे जातं त्यासाठी खाली जागा सोडा, धारेच्या पायथ्यालाच फ्रेम कापली की सगळं वजन वर लटकत राहतं.

उलट टोकाची गोष्ट गिधाडांची. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत, आणि जो तो त्यांना मोठं करायला बघतो, क्रॉप करून करून पिक्सेल फुटेपर्यंत. नका करू. काळा कडा दोन वाटे आणि मोकळी हवा एक वाटा, त्या हवेत नखाएवढं गिधाड, ते अख्ख्या कड्याला तोलून धरतं, कारण ते जिवंत आहे, एकटं आहे, आणि मधल्या दांड्यापासून लांब आहे. सी-सॉच्या टोकावरचं बारकं पोर हेच. फक्त त्याला कड्याच्या कडेला चिकटू देऊ नका, पंख आणि कडा यांच्यात हवेची फट दिसली पाहिजे.

सगळं बरोबर आहे पण फोटो मेलेला

हा तिसरा बिघाड, आणि हा नेमका बॅलन्स जास्त झाल्यामुळे होतो. कारण बऱ्याचदा यांत्रिक असतं, फोकस पॉइंट मधोमध ठेवलेला, पक्षी मधोमध पकडला, धडाधड बर्स्ट मारला, सगळे फोटो मधोमध. पक्षी बसलेला असेल तर पॉइंट हलवायची सवय लावा, जॉयस्टिकने असो की टचने, आणि उडत्या पक्ष्याला मधलाच ठेवायचा असेल तर जरा लांबून, सैल फ्रेम घ्या म्हणजे नंतर सरकवायला जागा राहते.

जीव येतो तो ताणातून, आणि ताण म्हणजे काहीतरी आत्ता घडणार आहे किंवा आत्ता बिनसणार आहे असं वाटणं. खंड्याची चोच पाण्यापासून बोटभर वर आहे त्या क्षणात ताण आहे, चोच पाण्यात शिरली की तो संपला. दोन पाणकोंबड्या एकमेकींकडे चालत येतायत आणि मधे थोडी जागा उरलीय, त्या उरलेल्या जागेत ताण आहे. म्हणजे फट हवी. गोष्टी जेमतेम टेकल्या, चोचीचं टोक बरोबर काठाच्या रेघेवर, शेपटीचं टोक बरोबर फ्रेमच्या कडेवर, की तो ताण निघून जातो आणि उरतो नुसता चिकटलेपणा, फोटोतली खोली (डेप्थ) मरते. एकतर स्पष्ट फट ठेवा नाहीतर स्पष्ट एकावर एक येऊ द्या. मधलं काही नको.

यातला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे पलीकडच्या काठाची रेघ पक्ष्याच्या मानेतून आरपार जाणं. हे सुटतं फक्त उंची बदलून. सपाट जागेवर होरायझन नेहमी तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर येतो, उभे असाल तर साधारण पाच फुटांवर, म्हणजे दीड फुटाचा पक्षी पूर्ण त्याच्या खाली, पाण्यावरच दिसतो. खाली बसत गेलात की काठाची रेघ पक्ष्याच्या डोक्यापासून खाली सरकायला लागते, मानेवर येते, आणि जवळजवळ जमिनीला टेकलात की पायापर्यंत जाते आणि अख्खा पक्षी लांबच्या ब्लर पाणकणसावर येतो. नांदूरला चापडगावच्या बाजूला टॉवरवरून काढलेले फोटो आणि काठावर बसून काढलेले फोटो इतके वेगळे दिसतात ते यामुळे. टॉवरवरून सगळं पाण्यावर, स्वच्छ पण सपाट. खालून खोली मिळते पण मान कापली जायचा धोका. अर्धवट खाली जाऊन कॅमेरा पक्ष्याच्या मानेएवढ्या उंचीवर ठेवणं ही सगळ्यात वाईट उंची, तिथेच रेघ गळ्यात येते.

तिरकी रेघ पण ताण देते, पाणकणसाची वाकलेली काडी आणि तिच्यावर उलट्या बाजूला झुकलेला पक्षी, दोघं एकमेकांना तोलतायत पण कुठल्याही क्षणी हलतील असे. आणि प्रतिबिंबाचा अगदी निम्मा-निम्मा फोटो काढत असाल तर त्यात एक तरी गोष्ट बिनजोडीची ठेवा, पाण्यातला एक तरंग, प्रतिबिंब नसलेलं एखादं गवत, नाहीतर तो फोटो एका नजरेत संपतो.

एक कळकळीची विनंती. ताण हवा म्हणून पक्षी उडवू नका. थव्याच्या अंगावर चालत जाऊन, टाळ्या वाजवून मिळालेल्या फोटोत सगळे पक्षी कॅमेऱ्याकडे पाठ करून पळताना दिसतात, सगळं वजन एका दिशेने बाहेर जातं, म्हणजे कंपोझिशन म्हणूनही तो फोटो फसतो, आणि थंडीत लांबून आलेल्या त्या जिवाची ताकद फुकट जाते ते वेगळंच. अंजनेरीवर पण तसंच, तिथलं कंदीलपुष्प काढताना मागचं गवत आड येतं म्हणून ते तुडवायचं, उपटायचं, हे अजिबात नको. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, मोठं उघडा, स्वतः हातभर सरका, बॅकग्राउंड लांबचं निवडा, काडीचं वजन आपोआप कमी होतं.

परत परत होऊ नये म्हणून

मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांच्यात फरक पडला तो एकाच सवयीने, रिकामी फ्रेम आधी लावायची. पक्षी नसतानाच काठ, पाणकणीस, पाण्यातला उजेड बघून अशी जागा निवडा जिथे एका बाजूला थोडं वजन आहे आणि दुसरी बाजू मोकळी आहे, चारही कडांवरून नजर फिरवून कापलेलं, चमकणारं काही नाही ना ते बघून घ्या, आणि मग पक्ष्याने त्या मोकळ्या बाजूला यायची वाट बघा. नांदूरला हे जमतं कारण उथळ पाण्यातले पक्षी चरत चरत एकाच पट्ट्यात ये-जा करतात, शेकाट्या आणि तुतवार तर हमखास. पक्षी आल्यावर कडा तपासायला वेळ नसतो, म्हणून ते काम आधी संपवायचं.

आणि सैल काढा. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे सहा हजार गुणिले चार हजार, तो मोबाइलसाठी उभा चारास पाच मध्ये कापला की बत्तीसशे गुणिले चार हजार उरतो, जवळजवळ निम्मी रुंदी गेली, म्हणजे तुम्ही डावीकडच्या मोकळ्या पाण्यावर केलेला सगळा बॅलन्स गेला. आडव्या फ्रेममध्ये तोललेला फोटो उभ्यात तसाच बसेल अशी अपेक्षा धरू नका, उभा हवा असेल तर जागेवर कॅमेरा उभा धरून वेगळा काढा.

घरी आल्यावर एवढंच करा, भारी झालेली कडा किंवा कोपरा अर्धा स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) गडद करा, पक्ष्यावरचा उजेड किंचित वाढवा, परत थंबनेल करून बघा. तेवढ्याने नाही जमलं तर त्या फोटोवर तासभर घालवू नका, तारीख आणि जागा लिहून पक्ष्याची नोंद म्हणून ठेवून द्या, आणि पुढच्या वेळी त्याच जागी तीच फ्रेम दोन पावलं डावीकडून लावून बघा.